कानाची मशीन

माझे कान तेव्हा ठणठणीत होते. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात काय सांगते, तेही मला ऐकू यायचं. तरी खामगाव-अकोल्याकडे गाण्याला येणारी मंडळी मला कमी ऐकू येणारी बाई म्हणून ओळखत. हा समज आम्ही नवरा-बायकोनं मिळून करून दिला होता.

आम्ही मलकापूरला राहत होतो. महाराष्ट्र राज्य होऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि आमचे हे एका जिनिंग फॅक्टरीत मशिनरी सांभाळायचे. हंगामात घरी आले की भुवयांवरसुद्धा कापसाची लव बसलेली असे. दिवसभर त्या घरघराटात राहिलेल्या माणसाला संध्याकाळी शांतता हवी असेल असं कुणालाही वाटेल, पण यांना गाणं हवं असे. स्वतःला एक ओळ सुरात म्हणता येत नव्हती. सूर कुठं लागला आणि कुठं निसटला ते मात्र अचूक कळे. आमच्या बाजूला मोठं गाणं वर्षातून दोन-चार वेळाच व्हायचं. मुंबईहून नागपूरकडे निघालेले गायक वाटेत कुठं उतरले तर. त्या गाण्यावर हे महिनाभर जगत आणि मग ते आठवणीतून पुसट होत चाललं की कासावीस होत. म्हणत, "कापसाची गठाण बांधता येते. गाण्याची काऊन नाही बांधता येत?"

माझ्या नणंदेच्या यजमानांनी परदेशातून एक छोटा टेपरेकॉर्डर आणून यांना दिला आणि गठाण बांधायची सोय झाली. जाडजूड पुस्तकाएवढा, सेलवर चालणारा, सोबत बोटभर लांबीचा मायक्रोफोन. पण कार्यक्रमात उघड रेकॉर्डिंग करायला गायक नाही म्हणत, आयोजकही नाही म्हणत. मग यांनी तो मायक्रोफोन कोटाच्या आतल्या खिशात शिवून घेतला. पहिल्या खेपेला घरी येऊन टेप लावली, तर गाणं कुठंतरी लांब विहिरीत चाललेलं आणि त्यावर कोटाचं खसफस, पान चघळल्याचा आवाज आणि दर दोन मिनिटांनी यांचं स्वतःचं "वाहवा!" दुसऱ्या खेपेला तोंडावर रुमाल धरून बसले. तरी वाहवा निघालीच. तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सहा-सहा तास पोरींसमोर न हलता उभी राहतेस. हे काम तुलेच जमेल."

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची कानाची मशीन कपाटात तशीच होती. त्या काळी ती काडेपेटीहून थोडी मोठी डबी असे. ती छातीशी अडकवायची आणि तिची बारीक वायर वर कानापर्यंत न्यायची. यांनी ती डबी उघडली, आतलं सगळं काढलं आणि त्या जागी मायक्रोफोन बसवला. कानातलं बोंडुक तसंच ठेवलं, नुसतं दिसायला. डबीतून दुसरी एक वायर पदराखालून माझ्या विणकामाच्या पिशवीत जायची. पिशवीत टेपरेकॉर्डर आणि त्याच्याभोवती लोकरीचे गुंडे, म्हणजे आतली घरघर बाहेर येऊ नये. मामंजींच्या वस्तूचं असं करू नये, असं मी म्हटलं होतं. पण म्हटलं ते एकदाच, आणि हळू आवाजात. कारण गाणं घरी असावं हे मलाही हवं होतं. ते सगळं यांच्या माथी मारणं खरं होणार नाही.

मलकापुरात मी ती मशीन कधी लावली नाही. तिथं मला सगळे ओळखत. परगावी मात्र ती डबी छातीशी दिसली की लोक आपणहून सरकून जागा करून देत. अकोल्याचे एक पेन्शनर आजोबा तर गवयानं बंदिशीचे शब्द म्हटले की मागून ते मला पुन्हा मोठ्यानं सांगत. त्यांच्या चांगुलपणापायी तिथली एक अख्खी टेप वाया गेली. आम्ही घरी ती ऐकून पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मला कसंसंच वाटलं, पण पुढच्या गाण्याला मी पुन्हा गेले. लोकरीत हात घालून ते बटण दाबताना छातीत जे धडधडायचं, त्याची मला चटक लागली होती. आम्ही टेप कुणाला दिली नाही, विकली नाही. रविवारी दुपारी दार लावून दोघंच ऐकायचो. यात कुणाचं काय गेलं, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. न विचारताच सांगत असू, यातच काय ते आलं.

त्या थंडीत खामगावला एका वयस्क गायिकेचं गाणं ठरलं. साठी ओलांडलेल्या बाई. त्यांना सगळे नुसतं 'बाई'च म्हणत. पूर्वी त्यांच्या एक-दोन रेकॉर्डी निघाल्या होत्या, पण गेली कित्येक वर्षं त्या कुणाला टेप करू देत नसत. गाणं रविवारी सकाळी, वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. आयोजक मंडळाचे चिटणीस म्हणजे यांचे जुने मित्र, खामगावचेच वकील; मला मात्र त्यांनी गाण्यालाच, डबीसकट पाहिलेलं. सुरुवातीला त्यांनी उभं राहून सांगितलं की बाईंना मी शब्द दिला आहे, कुणीही रेकॉर्डिंग करणार नाही, आणि माझ्या गावच्या लोकांवर माझा विश्वास आहे. तेव्हा मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होते आणि माझं बोट बटणावर होतं. वकीलसाहेब बसले, टाळ्या पडल्या आणि टाळ्यांच्या आवाजात मी ते दाबलं.

बाई बुटक्या, अंगानं बारीक, नऊवारीत. मागं तंबोऱ्यावर त्यांची शिष्या होती, पंचविशीची, उभट चेहऱ्याची. तबला आणि पेटी नेहमीप्रमाणे. गाणं सुरू करण्याआधी बाईंनी समोर एकदा नजर फिरवली आणि ती माझ्या छातीवरच्या डबीवर थांबली. त्यांनी वकीलसाहेबांना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. वकीलसाहेब थेट माझ्याकडेच येताना दिसले. मला वाटलं, धरली. ते वाकून मोठ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, बाई म्हणतात तुम्ही पुढं येऊन बसा. इथून नीट ऐकू येणार नाही."

मी पिशवी सांभाळत उठले आणि अगदी व्यासपीठाला लागून बसले. बाई माझ्याकडे बघून हसल्या. नंतर तोडी सुरू झाली. बंदिशीचे शब्द आले की त्या माझ्याकडे तोंड करून, ओठ उघडून, एकेक शब्द सोडवून म्हणत. बहिऱ्या माणसाला ओठ वाचता यावेत म्हणून. एवढ्या लोकांत एक गायिका माझ्यासाठी गात होती आणि मी मान खाली घालून लोकरीत बोटं फिरवत होते. कॅसेटची बाजू संपली की मी खोकत असे, म्हणजे बटणाचा खटका ऐकू येऊ नये. दोनदा बाहेर जाऊन कॅसेट उलटवून आणि बदलून आले. प्रत्येक वेळी परत येताना बाई नजरेनंच विचारत, ठीक आहे ना?

वरच्या षड्जाजवळ एक-दोनदा काहीतरी झालं. मला ते कळलं नाही, पण पुरुषांच्या बाजूला बसलेल्या यांनी डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. शिष्येनं तंबोरा किंचित पुढं झुकवला. गाणं पुढं गेलं.

भैरवी झाल्यावर मी बटण बंद करायला पिशवीत हात घालणार, एवढ्यात शिष्या समोर आली. बाई बोलावतात, म्हणाली. हॉलच्या मागं ग्रंथपालांची एक छोटी खोली होती. बाई तिथं खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शिष्येला चहाचं बघायला पाठवलं, मला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर मोठ्यानं, स्पष्ट बोलत होत्या, आता आवाज एकदम खाली आणला. मग त्यांच्या लक्षात आलं की मी बहिरी आहे, आणि त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"तुला याच्यातून सूर ऐकू येतो? नुसतं बोलणं नाही विचारत मी. सूर."

मी म्हणाले, "हो, बऱ्यापैकी."

मग त्यांनी सांगितलं की त्यांचा डावा कान वर्षभरापासून जातो आहे. उजवाही आता वरचे सूर पुसट देतो. मुंबईच्या डॉक्टरांनी यंत्र लावा म्हटलं, पण गाणारीच्या कानात वायर दिसली की लोक गाणं ऐकणार नाहीत, वायरच बघतील. म्हणून कुणाला सांगितलं नाही, शिष्येलासुद्धा नाही. आज तुला बघितलं आणि वाटलं, हिला विचारावं. ही माझ्यासारखीच आहे.

हे सगळं त्या माझ्या कानाशी, म्हणजेच माझ्या छातीवरच्या डबीशी बोलत होत्या आणि पिशवीत कॅसेट फिरत होती.

मग त्यांनी हात पुढं केला. "जरा मला लावून बघू दे."

तेव्हा माझ्यापुढं दोन वाटा होत्या. खरं सांगता आलं असतं. ते जमत नव्हतं तर सेल संपलेत म्हणता आलं असतं. तेवढं खोटं तरी निरुपद्रवी होतं. मला दोन्ही सुचलं नाही. मी कानातलं बोंडुक काढून त्यांच्या हातात ठेवलं. वायर आखूड होती म्हणून मी त्यांच्याकडे झुकले. त्यांनी ते डाव्या कानात बसवलं, डोळे मिटले आणि अगदी हळू, स्वतःपुरता षड्ज लावला. थांबल्या. बोंडुक जरा फिरवून पुन्हा लावला. मग मला म्हणाल्या, "तू बोल काहीतरी." मी म्हणाले, "बाई, फार सुंदर गायलात." त्यांनी उजव्या कानावर तळहात दाबून धरला होता. मी बोलले ते त्यांना कळलंच नाही. माझे ओठ हललेले तेवढे दिसले.

त्यांनी बोंडुक काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"म्हणजे यंत्रानंही नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं कळलं."

शिष्या चहा घेऊन आत आली. बाईंनी चेहरा सावरला आणि मला म्हणाल्या की उद्या सकाळी शेगावला महाराजांचं दर्शन घेऊन दुपारच्या गाडीनं मुंबईला जाणार. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो, आणि बरा वाटत नाही.

एसटीत हे खुशीत होते. किती भरलं, भैरवी आली का, विचारत होते. नांदुरा आलं तेव्हा यांनी विचारलं, "काऊन वं, गप काऊन? मशीन बिघडली का काही?" तेव्हा मी सगळं सांगितलं. हे ऐकत गेले तसे खिडकीबाहेर बघू लागले. घरी आल्यावर यांनी टेप लावली. पण तोडी नाही लावली. शेवटची बाजू लावली आणि भैरवीच्या पुढं नेली. त्या खोलीतलं सगळं स्वच्छ आलं होतं. बाईंचं कुजबुजणं, मग तो हळूच लावलेला षड्ज, मग माझं 'फार सुंदर गायलात'. हे डोकं धरून बसले. मी म्हणाले, मी उद्या शेगावला जाते आणि त्यांना सांगते.

यांना ते पटलं नाही. म्हणाले, "सांगून काय होईल? तिले अजून एक दुःख. एक बाई सहानुभूतीची भेटली होती, ते पण खोटं निघालं म्हणून."

मी म्हणाले, "त्यांना वाटतंय यंत्रानंसुद्धा त्यांना ऐकू येणार नाही. त्या डॉक्टरकडे परत जाणारच नाहीत."

मला तेव्हा वाटलं, आपण बरोबर बोललो. आता वाटतं, त्यात बाईंची काळजी होती ती खरीच, पण त्याहून जास्त घाई माझ्या जिवाला होती. माझ्या छातीवर जे बसलं होतं ते मला उतरवून ठेवायचं होतं. कुठं उतरवायचं, ते मी बघितलं नाही.

सकाळी शाळेत निरोप पाठवला आणि पॅसेंजरनं निघाले. हंगाम असल्यानं यांना फॅक्टरी सोडता येईना. निघताना यांनी दोन्ही कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर माझ्या पिशवीत घातला. म्हणाले, "त्या म्हणतील तसं कर. मी तोडी लावून ऐकली नाही. ऐकली असती तर देववलं नसतं."

शेगावला देवळापाशी विचारत गेले, तेव्हा बाई जवळच्याच एका लॉजमध्ये उतरल्याचं कळलं. दर्शन होऊन आल्या होत्या, कपाळावर बुक्का होता. शिष्या बाजारात काही आणायला गेली होती. मला बघून बाईंना आनंद झाला आणि लगेच त्यांची नजर माझ्या छातीकडे गेली. आज डबी नव्हती.

मी बोलायला लागले. पण मी डाव्या बाजूला बसले होते आणि खाली रस्त्यावर टांगे, प्रसादाची दुकानं, यात्रेकरूंचा कालवा. बाई म्हणाल्या, मोठ्यानं बोल, आणि इकडच्या बाजूला ये. असली गोष्ट माणूस कुजबुजत सांगतो. मला ती ओरडून सांगावी लागली. मी बहिरी नाही. त्या डबीत ऐकायचं यंत्र नव्हतं. तिच्यात मायक्रोफोन होता. मी तुमचं गाणं चोरलं. शेजारच्या खोलीतून एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि ऐकून आत गेली.

बाईंनी आधी विचारलं ते गाण्याचं नव्हतं.

"म्हणजे काल ते यंत्र बंद होतं?"

"रिकामंच होतं. ऐकू येण्यासारखं आत काही नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. काल दिवसभर पाणीसुद्धा गोड लागलं नाही, म्हणाल्या. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्या रागावल्या नाहीत. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगते. तिथंच मी उठून नमस्कार करून निघाले असते तर बरं झालं असतं. पण बाई म्हणाल्या, "ते गाणं आहे तुझ्याकडे?"

टेपरेकॉर्डरला कानात घालायचं एक छोटं बोंडुक मिळालं होतं. ते खरं होतं, त्यातून आवाज यायचा. मी तोडीची बाजू लावली आणि ते त्यांच्या डाव्या कानात दिलं. आवाज पूर्ण वाढवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "येतंय," त्या म्हणाल्या, "बारीक येतंय, पण येतंय." लहान मुलीसारखं माझं मनगट धरलं. मग जास्त नीट ऐकावं म्हणून त्यांनी ते उजव्या कानात घातलं आणि मीच हलक्या हातानं आवाज कमी केला.

पुष्कळ वेळ त्या ऐकत होत्या. हातानं मांडीवर ठेका चालला होता. एका जागी ठेका थांबला.

"मागं घे."

मी टेप मागं नेली. त्यांनी पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं घे म्हणाल्या. असं तीन-चार वेळा झालं. मला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ती जागा कोणती ते मला कळलं. हे डोळे मिटून बसले होते ती.

"गाताना मला हा सूर बरोबर ऐकू आला होता," बाई म्हणाल्या. "इथं मी उतरलेय. हे अलीकडं नेहमी होतं का गं?"

मी म्हणाले, मला तेवढं कळत नाही.

त्या म्हणाल्या, "म्हणून मी टेप करू देत नाही. समोरचा माणूस ऐकतो, माफ करतो, पुढं जातो. हे पुढं जात नाही." मग थोड्या वेळानं, "पुसता येतं का?"

पुसायचं म्हणजे त्यावर दुसरं काहीतरी भरायचं. गाणं भरायला लागला तेवढाच वेळ लागतो. मी मायक्रोफोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. तोडीवर शेगावचा रस्ता भरत गेला. आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो. एक बाजू संपली की मी उलटवत होते. बाई मधेच चहा सांगायला उठल्या, मला चिवडा दिला, मला किती मुलं, शाळेत काय शिकवते, असं विचारलं. मी उत्तरं दिली. ती सगळी त्या टेपवर आली असणार.

शिष्या परत आली तेव्हा दुसरी कॅसेट चालू होती. तिनं टेबलावरचं यंत्र पाहिलं, बाईंचा चेहरा पाहिला आणि पिशवी हातात धरून दारातच उभी राहिली. बाई तिला म्हणाल्या, "हिनं कालचं गाणं मला ऐकवलं." शिष्येनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिचा अर्थ मला त्या दिवशी पूर्ण लागला नाही. मला वाटलं, चोरी कळली म्हणून रागावली.

निघताना बाई म्हणाल्या, "तू येऊन सांगितलंस ते चांगलं केलंस." मी त्यांच्या पाया पडले. परतीच्या गाडीत मला झोप लागली, इतकी मी हलकी झाले होते. घरी आल्यावर कॅसेटी यांच्या हातात दिल्या. त्या पुसल्या, एवढंच सांगितलं. यांनी मान हलवली. नंतर कधीतरी त्या लावून बघितल्या का, ते मला माहीत नाही.

होळीच्या सुमारास वकीलसाहेब पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. माझा कान आता बरा आहे, असं यांनी त्यांना सांगून टाकलं. बोलता बोलता म्हणाले की बाईंनी ठरलेले सगळे कार्यक्रम रद्द केले. नागपूर, इंदूर, सगळे. प्रकृतीचं कारण दिलंय. पण आवाज तर उत्तम होता, नाही का हो? म्हणाले, आपल्या खामगावचंच गाणं शेवटचं ठरलं, आपलं भाग्य. मी आत जाऊन पोहे परतत राहिले. ते करपले तरी परतत होते.

टेपरेकॉर्डर यांनी नणंदेकडे परत पाठवला. सेल फार खातो, असं कारण दिलं. मामंजींच्या मशीनचे भाग जोडायचा एका रविवारी प्रयत्न केला. एवढी मोठी जिनिंगची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला ती जमली नाही. त्यानंतर आमचं गाण्याला जाणं आपोआप कमी झालं. कुणी चला म्हटलं की यांना फॅक्टरीत काम निघायचं आणि मला वह्या तपासायच्या असत.

बऱ्याच वर्षांनी अकोल्याला त्या शिष्येचं गाणं होतं. तोवर तिचं नाव झालं होतं. मीच यांना चला म्हणाले. दिवस बदलले होते. व्यासपीठाच्या कडेला तीन-चार टेपरेकॉर्डर उघडे मांडून ठेवले होते आणि तिची काही हरकत नव्हती. आम्ही मागं बसलो. गाणं झाल्यावर लोक तिच्याभोवती जमले. गर्दी सरल्यावर मी पुढं झाले. मला ओळख द्यावी लागली नाही.

"तुम्हीच त्या शेगावच्या," ती म्हणाली.

मी बाई कशा आहेत विचारलं. आता यंत्र लावतात, म्हणाली. बोललेलं कळतं, गाणं मात्र त्यातून धड येत नाही. मुलींना शिकवतात. गात नाहीत. तंबोरा घेऊन बसल्या की सारख्या विचारतात, लागला का गं, नीट लागला का? आणि लागला म्हटलं तरी विश्वास ठेवत नाहीत.

मी म्हणाले, "मी तेव्हा त्यांना टेप ऐकवायला नको होती."

ती तंबोऱ्याला गवसणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाईंना वाटायचं मला माहीत नाही. मला माहीत होतं. तबल्यावाल्यांना, पेटीवाल्यांना, सगळ्यांना. मी तंबोरा त्यांच्या उजव्या कानाशी न्यायची. पेटीवर काका वरचा सा जरा दाबून धरायचे. जाणकारांना कळायचं, तेही सांभाळून घ्यायचे. अजून चार-पाच वर्षं बाई सहज गायल्या असत्या."

मी म्हणाले, "पण मला खोटं सोसवेना."

"खोटं आम्हीही बोलतच होतो," ती म्हणाली. "आमच्या खोट्यावर त्या गात होत्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. गवसणीची नाडी बांधून झाल्यावर तिनं मला मुंबईचा पत्ता सांगितला. बाई तुमची आठवण काढतात, या कधीतरी, म्हणाली. एका बाईनं तेवढं खरं सांगितलं, असं त्या सगळ्यांना सांगतात. मी येईन म्हणाले.

एसटी स्टँडवर यांना मी हे सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मी तुले म्हटलं होतं," आणि लगेच, "नाही, मी कोण म्हणणारा. डबी तर मीच खोलली होती." मग गाडी लागली.

मुंबईला जाऊ, असं आम्ही म्हणत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, मग मेमध्ये जाऊ. एका सकाळी मी भाजी चिरत होते आणि रेडिओवर बाई गेल्याचं सांगितलं. मागोमाग त्यांची तरुणपणची एक रेकॉर्ड लावली. आवाज कोवळा, धीट, वरच्या सुरावर बेधडक जाणारा. हे दाढी करता करता थांबले. आम्ही दोघांनी ती उभ्यानं ऐकली. ती संपली, मग बातम्या झाल्या, मग बाजारभाव लागले. यांनी अर्धी दाढी पुरी केली, सायकल काढली आणि डबा न घेताच फॅक्टरीत गेले. डबा ओट्यावर भरून ठेवलेला होता. यांना हाक मारायचं मला सुचलं नाही.